‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’

परिचारिकांकडून या सदरासाठी आलेल्या या वेळच्या पत्रांमध्ये बदल्या आणि पगाराबद्दल कमी, आणि ‘अशा वेळी काय करणं बरोबर?’ याबद्दल जास्त होतं. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं-गावं मुद्दाम काढली आहेत. मी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून नोकरीला लागले आणि अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. खाली जे लिहिते आहे ते बरंचसं वॉर्डातच शिकलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली. आमच्याकडे एक काका दाखल आहेत, एसटीत कंडक्टर होते. पोटाचा कॅन्सर आहे, पसरलेला. मुलांनी सगळ्यांना बजावलंय की त्यांना ‘अल्सर’ म्हणूनच सांगायचं. केमोच्या फॉर्मवरही मुलानेच सही केली. परवा रात्री दोनला काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’ मी ‘सकाळी डॉक्टरांना विचारा’ म्हणून पळ काढला. तेव्हापासून त्यांच्या खाटेजवळ जायची लाज वाटते.

लाज वाटते याचा अर्थ तुझं मन जागं आहे. पण त्यांच्या खाटेजवळ जाणं टाळू नकोस, नाहीतर ज्या माणसाशी आधीच सगळे खोटं बोलताहेत, त्याच्याशी बोलणारं कुणीच उरणार नाही.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. खोटं बोलायचं नाही, आणि रात्री दोन वाजता एकटीने निदानही सांगून टाकायचं नाही. त्यानंतरचे प्रश्न ‘किती दिवस?’, ‘उपाय काय?’ हे असतात, आणि त्यांची उत्तरं तुझ्या हातात नाहीत. मग करायचं काय? स्टूल ओढून बसायचं आणि विचारायचं, ‘काका, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ बहुतेक वेळा माणसाला अंदाज आलेला असतो. आयुष्यभर माणसांचे चेहरे बघत तिकिटं फाडलेल्या माणसाला मुलांचे चेहरे वाचता येत नसतील? मग पुढचा प्रश्न : ‘तुमच्या आजाराची सगळी माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की मुलांशीच बोललेलं चालेल?’ काहीजण खरोखरच ‘पोरांना सांगा, मला नको’ म्हणतात. तोही त्यांचाच हक्क आहे, पण तसं त्यांनी स्वतः म्हणायला हवं. मुलांनी परस्पर ठरवून चालत नाही.

ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत नर्सिंग नोट्समध्ये लिही. ‘रुग्णाने आजाराबद्दल विचारणा केली, स्वतः माहिती हवी असल्याचे सांगितले, रात्री २.१०.’ ड्युटी बदलताना, हँडओव्हरला, ते मोठ्याने सांग आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टरांच्या कानावर घाल. एकदा कागदावर आलेली गोष्ट कुणाला सहज उडवून लावता येत नाही.

आता त्या सहीबद्दल. शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या प्रौढ माणसाच्या उपचाराला त्याची स्वतःचीच संमती लागते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. त्या बाईंनी फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. जिवावरचा तातडीचा प्रसंग नव्हता, त्यामुळे आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. काकांच्या फॉर्मवर मुलाची सही आहे, हे इन्चार्जना आजच दाखव.

मुलांवर रागावू नकोस. ती घाबरलेली आहेत. त्यांना बाजूला घेऊन एवढंच सांग, ‘काका रात्री जागे असतात आणि विचारत असतात.’ घरच्यांना हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. तिला माहेरी जायचं होतं. खाटेखाली पिशवी भरून ठेवलेली, वर घडी केलेली हिरवी साडी. ‘डिस्चार्ज कधी?’ विचारलं की आम्ही सगळ्या म्हणायचो, ‘येत्या सोमवारी.’ असे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी ती नव्हती. खरं कळलं असतं तर ती पहिल्याच आठवड्यात निघाली असती आणि आईजवळ गेली असती. तेवढे दिवस आम्ही तिच्याकडून घेतले.

प्रश्न : मी एका लहान खासगी हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इन्चार्ज आहे. नाईटला नवीन मुलगी एकटी, बावीस रुग्ण. जेवणाआधी १६ युनिट इन्सुलिनची ऑर्डर होती. व्हायल (इन्सुलिनची बाटली) नातेवाइकांनी बाहेरून आणली, ती १०० युनिटची, म्हणजे एका मिलीत १०० युनिट असलेली, निघाली. सिरिंज आमच्याकडची, मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. रात्री साडेअकराला रुग्ण घामाने भिजला, शुगर ४८. मुलीनेच तपासली, डॉक्टरांना उठवलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, रुग्ण सावरला. आता वरून सांगतात : रुग्ण बरा आहे, केस पेपरवर काही लिहू नका, नातेवाइकांना ‘शुगर उतरली होती’ म्हणा आणि मुलीला काढा.

आधी हिशोब मांडू, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसेल. ४०च्या सिरिंजवर १६च्या खुणेपर्यंत भरलं की ०.४ मिली येतं. ४०च्या व्हायलमधून ते १६ युनिटच होतात, पण १०० युनिटच्या व्हायलमधून ४० होतात. अडीच पट. त्या मुलीने खूण बरोबर वाचली होती. आपल्याकडे दोन ताकदीचं इन्सुलिन आणि दोन प्रकारच्या सिरिंज एकाच वेळी वापरात आहेत. लाल टोपीची ४०ची, नारिंगी टोपीची १००ची. आठ महिन्यांच्या अनुभवाची मुलगी असो की अठरा वर्षांची, एकटीने बावीस रुग्ण बघताना ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

रुग्णाला सांगायचंच. ‘शुगर उतरली होती’ हे अर्धं सत्य आहे आणि ते ऐकून तो माणूस घरी गेल्यावर स्वतःचा डोस चुकीच्या कारणाने कमी करेल. डॉक्टर आणि तुम्ही दोघांनी मिळून, बसून सांगा : ‘रात्री इन्सुलिन ठरलेल्यापेक्षा जास्त गेलं. ती आमच्याकडून झालेली चूक आहे. लगेच लक्षात आलं, उपचार केले, आता धोका नाही. पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही अमुक बदल केला आहे.’ लोक चिडतात, चिडू द्या. नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर त्यांचा राग कितीतरी मोठा असतो, आणि तो रास्त असतो.

केस पेपरवर वेळ, दिलेला डोस, लक्षणं, शुगर, दिलेलं औषध, कुणाला कळवलं, हे सगळं लिहा. ‘निष्काळजीपणाने’ वगैरे विशेषणं नकोत. खाडाखोड नको. घटनेचा अहवाल वेगळा द्या.

मुलीला काढण्याबद्दल. कारवाई कधी व्हायला हवी? कुणी मुद्दाम नियम धाब्यावर बसवले, किंवा चूक झाल्यावर ती लपवली तर. या मुलीने नेमकं उलट केलं. मध्यरात्री डॉक्टरांना उठवून स्वतःची चूक सांगितली. तिला काढलंत तर उरलेल्या सगळ्याजणी एकच गोष्ट शिकतील, गप्प बसायचं. मी नवीन इन्चार्ज असताना एका मुलीला रुग्णांसमोर फार टाकून बोलले. त्यानंतर कित्येक महिने माझ्या वॉर्डात एकही चूक झाली नाही. निदान मला तसं वाटत होतं. चुका होतच होत्या, माझ्यापर्यंत येत नव्हत्या. त्या काळात कुणाला काय सोसावं लागलं असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही.

या आठवड्यात करता येण्यासारखं : दोन्ही सिरिंज वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. इन्सुलिन भरल्यावर व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवायचा. नाईटला दुसरी सिस्टर नसेल तर आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना. बाहेरून आलेलं औषध फार्मासिस्टने बघितल्याशिवाय वॉर्डात घ्यायचं नाही. आणि व्यवस्थापनाला लेखी द्या की एका सिस्टरवर बावीस रुग्ण हे या घटनेच्या कारणांपैकी एक आहे. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. इन्चार्जची खुर्ची या पत्रासाठीच असते.

प्रश्न : तपासणीसाठी टीम येणार म्हणून मागच्या महिन्याचे रिकामे राहिलेले टीपीआर-बीपीचे (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाबाचे) चार्ट भरून घ्या, असं आम्हाला सांगितलं आहे. सगळ्याजणी भरताहेत. मी एकटीने नाही कसं म्हणू?

भरायचे नाहीत. न घेतलेलं बीपी लिहिणं म्हणजे खोटा पुरावा तयार करणं. खाली सही तुमची, रजिस्ट्रेशनही तुमचं. उद्या कोर्टात ‘करायला सांगितलं होतं’ म्हणून सुटका होत नाही. जे खरंच बघितलं होतं आणि लिहायचं राहिलं, ते आजची तारीख-वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून लिहिता येतं. बाकी जागा रिकाम्याच राहू द्या. त्या रिकाम्या जागांवरून तुमच्याकडे माणसं किती कमी आहेत ते तपासणाऱ्यांना दिसेल. एकटीला जड जात असेल तर दोघी-तिघींनी मिळून मेट्रनकडे जा.

प्रश्न : मी आयसीयूत आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी तिसऱ्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर आहेत. किडनी, लिव्हर दोन्ही गेलेलं. सुधारणा होणार नाही असं डॉक्टरही म्हणतात. रोज येणारी मुलगी सांगते, ‘आई म्हणायची, मला नळ्या लावू नका.’ परदेशातला मुलगा म्हणतो, सगळं चालू ठेवा. नळी ओढू नये म्हणून आजींचे हात बांधलेत. सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी उपचार करते आहे की छळ?

हा प्रश्न पडणारी तुम्ही एकट्या नाही. योग्य काय ते दिसतं आणि ते करायची मुभा नसते, त्या कुचंबणेनेच चांगल्या आयसीयू सिस्टर नोकरी सोडून जातात.

कायदा आता बराच स्पष्ट आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. उपचार थांबवायचे तर हॉस्पिटलचं प्राथमिक मंडळ आणि त्यावर दुय्यम मंडळ, अशी दोन मतं लागतात. इच्छापत्र नसेल तरी घरच्यांच्या संमतीने ही प्रक्रिया सुरू होऊ शकते. तुमच्या हॉस्पिटलमध्ये असं मंडळ आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

या विचाराला आपल्याकडे मोठी चालना मिळाली ती एका नर्समुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ला हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८ मे २०१५पर्यंत, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांचं अन्न थांबवावं ही याचिका ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क रोज सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. काहीजण यावरून म्हणतात की परिचारिकेने नेहमी ‘चालू ठेवा’च म्हणायचं असतं. मला ते पटत नाही. मला त्यात दिसतं ते हे, की जे हात रोज त्या शरीराला लागतात, त्यांचं म्हणणं न्यायालयाने ऐकून घेतलं. तुमच्या आजींच्या बाबतीत ते म्हणणं वेगळं आहे, आणि तेही ऐकलं गेलं पाहिजे.

म्हणून : मुलीने सांगितलेलं आजींचं वाक्य जसंच्या तसं नोंदवा. सक्शनच्या वेळी जे दिसतं ते लिहा. इन्चार्जमार्फत डॉक्टर, मुलगी आणि फोनवर मुलगा अशी बैठक मागा. लांबच्या मुलाने तीन आठवड्यांत आईला पाहिलेलं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर अजून चालती-बोलती आई आहे. त्याला व्हिडिओवर दाखवायचं का, हे मुलीला विचारा. ‘आता काही उपयोग नाही’ हे वाक्य मात्र तुम्ही कॉरिडॉरमध्ये एकट्याने बोलू नका.

निर्णय व्हायला दिवस लागतील. तोवर सक्शनच्या आधी वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तोंड ओलं ठेवा, कूस बदला, काय करतो आहोत ते आजींना सांगून मग करा. आणि मुलगी शेजारी बसलेली असते तेवढा वेळ, तिला नीट समजावून, डॉक्टरांना विचारून, निदान एक हात सोडता येतो का बघा. तो हात मुलीच्या हातात राहील.