स्वतःच्या बुटीकच्या नावाने वेडिंग गाऊनचं कलेक्शन काढावं का?

प्रश्न असा आहे: छोटं, स्वतंत्र ब्रायडल बुटीक आहे, तीन ब्रँडचे गाऊन ठेवले जातात. एका उत्पादकाने 'तुमच्या नावाचं लेबल लावून बारा-पंधरा गाऊनचं कलेक्शन करून देतो' असं सांगितलंय. घ्यावं का, आणि ब्रँड सोडून पूर्ण त्यावरच जावं का?

घ्या. पण बारा-पंधरा नकोत, आणि ब्रँड इतक्यात सोडू नका. मी या धंद्यात पॅटर्न आणि फिटिंगच्या बाजूला आहे, दुकान चालवत नाही, त्यामुळे उत्तर शिवणकामाकडे जरा जास्त झुकेल.

तुम्हाला हे का हवंसं वाटतंय ते कळतं. नवरी दोन तास गाऊन घालून बघते, सोबतची मंडळी फोटो काढतात, ब्रँडचं नाव आणि स्टाइल नंबर टिपून घेतात आणि घरी जाऊन नेटवर स्वस्तात कुठे मिळतो ते शोधतात. वेळ, जागा, सॅम्पलची झीज सगळी तुमची आणि विक्री दुसऱ्याची. म्हणून काही दुकानदार सॅम्पलची, म्हणजे घालून बघायला ठेवलेल्या गाऊनची, लेबलंच कापून टाकतात. अमेरिकेत तर हे कायद्यात बसत नाही. तिथल्या 1958च्या कायद्यानुसार कापडाचे घटक, बनल्याचा देश आणि जबाबदार कंपनीची ओळख विक्रीपर्यंत कपड्यावर असावीच लागते. लेबल बदलायचं तर हीच माहिती आणि आपली ओळख असलेलं दुसरं लावावं लागतं. स्वतःच्या लेबलने हा प्रश्न सरळ मार्गाने सुटतो. मात्र एका अटीवर, की तोच गाऊन दुसऱ्या दुकानात दुसऱ्या नावाने टांगलेला नसावा.

आणि इथेच मेख आहे. तयार कॅटलॉगमधल्या गाऊनवर तुमचं नाव शिवून देणं वेगळं आणि तुमच्यासाठी पॅटर्न बेतून गाऊन बनवणं वेगळं. धंद्यात पहिल्याला व्हाइट लेबल म्हणतात, दुसऱ्याला प्रायव्हेट लेबल, पण विकणारे दोन्हीला बिनधास्त प्रायव्हेट लेबलच म्हणतात. उत्पादकाने पाठवलेले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तेच फोटो दहा दुकानांच्या साइटवर दिसले तर तुम्ही फक्त लेबल विकत घेताय. फोटो एखाद्या नामांकित डिझायनरचे निघाले तर पुढचं बोलणंच नको. पहिली चाचणी पार पडली तर लेखी विचारा: हा गाऊन तुमच्या भागात आणखी कुणाला देणार का, किती हंगाम देणार नाही, आणि पॅटर्न व तपशीलपत्रक (मापं, कापड, शिवण यांची नोंद) कुणाच्या ताब्यात राहणार. उद्या हा कारखाना बंद पडला, तर पत्रक हातात असल्याशिवाय दुसऱ्याकडून तोच गाऊन शिवून घेता येत नाही. फक्त फोटोवरून शिवलेला गाऊन लांबून तसाच दिसतो, अंगावर तसा बसत नाही.

आता फिटिंग. ब्रँड तुमच्याकडून जे पैसे घेतो त्यातले बरेच याचे असतात, आणि हे काम बाहेरून कुणाला दिसत नाही. गाऊनचा पॅटर्न एका मूळ मापावर बसवतात आणि तिथून लहान-मोठी मापं काढतात, त्याला ग्रेडिंग म्हणतात. स्वस्तातलं ग्रेडिंग म्हणजे सगळीकडे सारखे सेंटीमीटर वाढवत जायचं. छोट्या मापांत ते खपून जातं. मोठ्या साइजमध्ये गळा नको तितका रुंद होतो, पट्टे खांद्यावरून घसरतात, चोळीच्या भागातलं बोनिंग, म्हणजे आत शिवलेल्या ताठ पट्ट्या, छातीला आधार देण्याऐवजी टोचायला लागतं. कारण छाती वाढली म्हणून खांदे त्याच प्रमाणात रुंद होत नाहीत. दुकानातल्या सॅम्पलवर हे कधीच कळत नाही, तिथे आपण पाठीमागे चिमटे लावून गाऊन आवळलेला असतो. कळतं ते ऑर्डरचा गाऊन येतो तेव्हा, लग्नाच्या दोन महिने आधी. म्हणून एकच डिझाइन दोन मापांत मागवा, एक सॅम्पलच्या मापाचं आणि एक चार्टमधल्या सगळ्यात मोठ्याच्या जवळचं, आणि दोन्ही खऱ्या बायकांच्या अंगावर घालून बघा. पुतळ्यावर नाही. बसायला लावा, हात वर करायला लावा. साइज चार्टही या उत्पादकाचाच घ्या आणि पाठ करा. ब्रायडलमध्ये आकडे रोजच्या कपड्यांपेक्षा एक-दोनने पुढेच असतात, त्यात प्रत्येकाचा चार्ट वेगळा. ब्रँडच्या चार्टवरून याची ऑर्डर लावली तर गोंधळ ठरलेला.

मग गाऊन उलटा करा. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, किती सोडलीय ते बघा. साधारण अडीच सेंटीमीटर असेल तर तुमची शिवणारी बाई दुवा देईल. ओव्हरलॉक करून कडेलगत कापून टाकलेली असेल तर गाऊन आवळता येईल, सैल करता येणार नाही. बाजूच्या शिवणीवर लेसची फुलं मोकळी ठेवून हाताने टाचलीत का तेही पाहा. तशी असतील तर ती उसवून आत शिवण घ्यायची आणि फुलं परत लावायची, जोड दिसत नाही. लेस शिवणीतच पकडून टाकली असेल तर आवळल्यावर नक्षी मधोमध तुटते. मण्यांची एक ओळ नखाने हलकेच ओढा. एका सलग धाग्यावर, मधे गाठ न मारता ओवलेले मणी एक तुटला की ओळीने ओघळतात, तेही नेमके नाचताना.

रंगाचं थोडक्यात. 'आयव्हरी' हा एक रंग नसतो, प्रत्येक गिरणीचा आयव्हरी वेगळा. मिकाडो (जाडसर, चकाकणारं रेशमी धाटणीचं कापड) एकाचं आणि लेस दुसऱ्याची असेल तर दुकानाच्या पिवळ्या दिव्यात ती जुळतात आणि उन्हात काढलेल्या फोटोत एक गुलाबी मारतं. मंजूर केलेल्या कापडाचा, लेसचा आणि जाळीचा तुकडा सही-तारखेनिशी स्वतःकडे ठेवा. पुढची प्रत्येक खेप खिडकीशी नेऊन त्याला लावून बघा.

पैशांचं गणित कारखान्याच्या भावावर करू नका. वाहतूक, विमा, आयात शुल्क, शिवाय दुरुस्त्या धरून दुकानात येऊन पडतो तो खरा भाव. शुल्क तर रातोरात बदलतं. अमेरिकेत विकले जाणारे बहुसंख्य गाऊन चीनमध्ये शिवले जातात, आणि एप्रिल 2025मध्ये चिनी मालावरचं तिथलं शुल्क काही आठवडे 145 टक्क्यांवर गेलं होतं, तेव्हा ऑर्डर आधीच घेऊन ठेवलेल्या दुकानांची काय अवस्था झाली असेल बघा. घाऊक भावाच्या दुप्पट हा किरकोळीचा जुना ठोकताळा इथे अपुरा पडतो, कारण फिटिंग चुकलं तर भरपाई मागायला तुमच्या मागे ब्रँड उभा नाही. अर्थात ब्रँड म्हणजे अमरपट्टा असंही नाही. जुलै 2017मध्ये अल्फ्रेड अँजेलो ही मोठी कंपनी अचानक बंद पडून दिवाळखोरीत गेली, आणि त्यांचा माल ठेवणाऱ्या स्वतंत्र दुकानांच्या ऑर्डरीही लटकल्या. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत नकोत, मग ती टोपली ब्रँडची असो की या उत्पादकाची.

लेबलचं नाव ठरवताना स्वतःचं नाव-आडनाव देण्याआधी विचार करा आणि ट्रेडमार्क तुमच्याच मालकीचा राहील असं बघा. हेली पेज या डिझायनरने नाव वापरण्याचे हक्क करारात कंपनीला दिले होते. 2020मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि 2024मध्ये तडजोड होईपर्यंत तिला स्वतःच्याच नावाने धंदा करता येत नव्हता. उत्पादक 'नोंदणी आम्हीच करून देतो' म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

आता गाऊन कुठले घ्यायचे. ते त्याच्या कॅटलॉगवरून ठरवू नका, तुमच्या अपॉइंटमेंटच्या वहीवरून ठरवा. आलेल्या, आवडलं नाही म्हणून गेलेल्या मुलींनी काय मागितलं होतं? बाह्यांचा गाऊन, बंद गळा, मोठं माप, की 'लग्न तीन महिन्यांवर आलंय'? ब्रँडचा ऑर्डरचा गाऊन यायला चार-सहा महिने सहज जातात आणि त्यावर अल्टरेशन, त्यामुळे घाईच्या नवऱ्या तुमच्या हातून निसटतच असणार. त्यांच्यासाठी क्रेप किंवा मिकाडोचे साधे दोन गाऊन काही मापांत तयार ठेवता आले, सोबत काढता-घालता येणाऱ्या लेसच्या बाह्या, तर ती तुमची स्वतःची जागा आहे. एकूण चार-पाच डिझाइनं पुरे. तुमच्या ब्रँडच्या खपणाऱ्या गाऊनसारखं दिसणारं त्यात एकही नको. त्यांचा प्रतिनिधी दुकानात येतो, त्याला डोळे असतात, आणि बऱ्याच करारांत यावर कलम असतं.

तीन ब्रँडपैकी ज्याची किमान खरेदी दर हंगामाला ओढूनताणून पूर्ण करावी लागते, तो सोडायचा विचार पुढे जरूर करा. पण आधी या चार-पाच डिझाइनांचा एक पूर्ण फेरा होऊ द्या: ऑर्डर, माल वेळेत येणं, फिटिंग, लग्न, आणि त्यानंतर आलेल्या तक्रारी. तोवर त्या उत्पादकाला बारा-पंधराचा शब्द देऊ नका, आगाऊ रकमेवर कितीही सूट देत असला तरी.