वाचक विचारतात: मेफ्लायची ही नवी जात आहे का?

प्रश्न: कन्हान नदीच्या दगडाळ, उथळ पट्ट्यातून मेफ्लाय या कीटकाचे डिंभ (पाण्यात राहणारी पिल्लं) गोळा केले. तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले. नेटवरच्या ओळख-कीमधून (लक्षणं जुळवत नावापर्यंत नेणारा तक्ता) जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मिळाली, पण पुढे जातीचं वर्णन कुठेच जुळत नाही. ही नवी जात मानायची का?
— प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: एवढ्यात नाही. आधी ती ओळख-की कोणत्या प्रदेशासाठी केलेली आहे ते पाहा. युरोपातल्या कीमध्ये आपल्याकडच्या कितीतरी जीनस नसतातच. आणि ओळख-की कधी ‘हा प्राणी माझ्यात नाही’ असं सांगत नाही, ती कुठल्या ना कुठल्या नावावर नेऊन सोडतेच. त्यामुळे जीनसपर्यंतचा प्रवासही तपासून घ्यावा लागतो.

सुरुवात कुलापासून करा. पोटाच्या दुसऱ्या खंडावरचा कल्ला चौकोनी झाकणासारखा मागच्या कल्ल्यांवर पसरला असेल, तर डिंभ सीनिडी कुलातला असण्याची शक्यता मोठी. डोकं आणि शरीर चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला आणि प्राणी दगडाला चिकटून सरकणारा, तर हेप्टाजेनिइडी. सडपातळ, थाळीत सोडताच लहान माशासारखा सुळकन निसटणारा, तर बहुधा बेटिडी. नागपूरच्या आसपास या तिन्हींशी गाठ पडेल. त्यातलं बेटिडी सर्वांत किचकट, कारण तिथे वरवर दिसणाऱ्या खुणा पुरत नाहीत आणि निकाल मुखांगांवर लागतो. अधरोष्ठाच्या (खालच्या ओठाच्या) पाल्पच्या, म्हणजे बाजूच्या खंडयुक्त उपांगाच्या, दुसऱ्या खंडाला आतल्या बाजूने अंगठ्यासारखा मोठा फुगवटा असेल, तर लॅबिओबेटिस या जीनसची शंका घ्यावी, पण तेवढ्यावरच थांबू नये. साचलेल्या पाण्यातल्या क्लोइऑन या जीनसमध्ये पहिल्या सहा जोड्यांचा प्रत्येक कल्ला दुहेरी असतो आणि सातवा एकेरी.

एक अडचण खास भारतातली आहे. किमिन्स (१९४७) आणि गिलीज (१९४९) यांच्यासारख्या कीटकशास्त्रज्ञांनी इथल्या अनेक जातींची वर्णनं पंखवाल्या प्रौढांवरून केली. अशा जातीचा डिंभ पुढे कुणी जोडून दाखवला नसेल, तर तुमच्या हातातला ‘नवा’ डिंभ त्याच जुन्या जातीचं पिल्लू असू शकतो. म्हणून नवी आहे म्हणण्याआधी ती जुनी नाही हे दाखवावं लागतं. त्या जीनसमधल्या भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन काढा आणि एकेक लक्षण समोरासमोर मांडा. काम कंटाळवाणं आहे, पण नव्या जातीचा दावा टिकतो तो याच तक्त्यावर.

प्रश्न: नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले तर रंग गेला, कल्ले आणि शेपट्या गळाल्या. काय चुकलं?
— निसर्गप्रेमी वाचक, रामटेक

उत्तर: एका बाटलीत फार नमुने कोंबले असावेत, किंवा अल्कोहोल एकदाही बदललं नसावं. प्राण्याच्या अंगातलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. नमुन्याच्या निदान दहापट अल्कोहोल घ्या आणि २४ तासांनी पूर्ण बदला. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र. मात्र त्यात अंग ठिसूळ होतं आणि वाहतुकीत हादरे बसून पाय, कल्ले तुटतात. म्हणून आकार अभ्यासायचे काही नमुने वेगळे काढून ८० टक्क्यांत ठेवा. त्यासाठी ९५ टक्क्यांचं ८० मिलि घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने एकूण ९५ मिलि करायचं. बाटली काठोकाठ भरा, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला की तोच गाडीत नमुना घुसळतो. डीनेचर्ड स्पिरिट आणि फॉर्मेलिन नको. फॉर्मेलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही.

रंग जाणारच. म्हणून जिवंतपणीचा फोटो पांढऱ्या थाळीत, पाण्यातच काढा. आणि मे महिन्यात नागपूरच्या बंद गाडीत बाटल्या ठेवू नका. झाकण ढिलं असेल तर अल्कोहोल उडून जातं आणि तळाशी सुरकुतलेला चुरा उरतो. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली: अक्षांश-रेखांश, तारीख, दगडाखालून की पाणवनस्पतींतून, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

प्रश्न: मुखांगांची स्लाइड कशी करावी? आमच्या स्लाइड दुधाळ होतात आणि जबडे तिरके बसतात.
— कनिष्ठ संशोधक, नागपूर

उत्तर: या कामाला घाई चालत नाही. शेवटच्या टप्प्यातला डिंभ निवडा, म्हणजे पंखकोष गडद झालेले, पण कोळशासारखे काळे नाहीत. कात टाकायच्या बेतातल्या प्राण्यात जुन्या कातीखाली नवीन कात तयार झालेली असते. मग मायक्रोस्कोपखाली नखी दुहेरी दिसते, केसांच्या दोन रांगा दिसतात आणि मोजणी चुकते. उलट फार लहान पिल्लात केस आणि नखीवरचे दात कमी असतात. ‘नवी जात’ म्हणून मांडलेले कितीतरी फरक प्रत्यक्षात वयाचे निघतात.

डोकं वेगळं करून उताणं ठेवा. बारीक सुयांनी आधी अधरोष्ठ उचला, मग जीभ, मॅक्सिला (जबड्यांमागची दुसरी जोडी), जबडे, शेवटी ऊर्ध्वोष्ठ (वरचा ओठ). उलट्या क्रमाने गेलात तर वरचं काढताना खालचं फाटतं. स्नायू आड येत असतील तर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरा, पण दर काही मिनिटांनी पाहत राहा. उन्हाळ्यात खोली ४० अंशांच्या वर गेली की ते फार जलद चालतं आणि बारीक केस खराब झालेले उशिरा लक्षात येतं. धुतल्यानंतर ८०, ९५ आणि शुद्ध अल्कोहोल, प्रत्येकी दहा मिनिटं. इथे पाण्याचा अंश राहिला की युपॅरल (भाग काचेवर कायमचे बसवायचं माध्यम) दुधाळ होतं. तुमच्या स्लाइडचं तेच झालं आहे. त्याऐवजी वापरतात ते हॉयरचं मिश्रण सोपं वाटतं, पण काही वर्षांनंतर त्यात स्फटिक धरतात. टाइप नमुन्यासाठी, म्हणजे ज्यावर जातीचं नाव टिकून असतं त्या नमुन्यासाठी, ते वापरू नये.

जबडे जाड असतात. ते आणि अधरोष्ठ एकाच काचेखाली ठेवले की काच कलते आणि पातळ भाग सरकतात. जबड्यांना वेगळी छोटी आवरणकाच द्या. कुठला जबडा डावा, कुठला उजवा ते बसवतानाच स्लाइडवर लिहा. दात झिजलेले असतील तर त्या नमुन्यावरून दातांचं वर्णन करू नका, दुसरा घ्या.

आता बघायचं काय? ऊर्ध्वोष्ठाच्या वरच्या पृष्ठभागावरच्या लांब केसांची कमान पाहा. ‘१ + ४’ असं लिहिलं असेल तर मध्यरेषेजवळ एक केस आणि त्याच्या बाहेर कमानीत चार, असा प्रत्येक बाजूचा हिशेब. मग अधरोष्ठाच्या पाल्पचा आकार, मांडीच्या वरच्या कडेवरच्या केसांची संख्या, नखीवरचे दात, पोटाच्या खंडांच्या मागच्या कडेवरचे काटे, पॅराप्रॉक्टवरचे (गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरचे) काटे, आणि कल्ले कोणत्या खंडांवर आहेत. प्रत्येक लक्षण किमान दहा नमुन्यांत मोजा आणि कमीत कमी–जास्तीत जास्त असं द्या. एकाच प्राण्यात डावी-उजवी संख्या वेगळी निघते, तेव्हा एका केसाच्या फरकावर जात उभी करू नये.

प्रश्न: डिंभापासून प्रौढ घरी वाढवता येतो का?
— वाचक, काटोल

उत्तर: येतो, आणि जुन्या नावांचा गुंता सोडवायला त्याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. इथे मात्र काळेभोर पंखकोषवालाच डिंभ हवा. तो बहुधा एक-दोन दिवसांत बाहेर पडतो. नदीचंच पाणी, हवा सोडणारा छोटा पंप, पाण्याबाहेर येणारी खडबडीत काडी आणि वर जाळी. पाणी तापू देऊ नका. कूलरसमोरची जागा चालते, थेट ऊन नको. बाहेर येतो तो धुरकट पंखांचा सबइमॅगो, म्हणजे प्रौढाच्या आधीची पंखवाली अवस्था. तो अजून एकदा कात टाकतो, आणि पंख आल्यावर कात टाकणारे कीटक एवढेच. त्याला लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नका, हवेशीर डबीत रात्रभर ठेवा. नराची जननांगं नीट दिसतात ती शेवटच्या प्रौढात. डिंभाची कात पाण्यावर तरंगत राहते. ती आणि प्रौढ एकाच क्रमांकाने एकाच बाटलीत ठेवा. एका डब्यात दोन डिंभ सोडलेत तर कुणाची कात कुणाची हे सांगता येणार नाही आणि सगळी मेहनत वाया जाईल.

प्रश्न: डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात तो ठरावीक जनुकाचा तुकडा) वेगळा आला तर पुरे ना?
— एम.एस्सी. विद्यार्थी, नागपूर

उत्तर: नाही. सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा चांगला साक्षीदार आहे, पण जुन्या जातींचे बारकोडच उपलब्ध नसतील तर तो कुणापासून वेगळा, हे कसं सांगणार? डीएनए काढताना प्राणी कुटू नका. अख्खा डिंभ प्रोटिनेज के (प्रथिनं विरघळवणारं विकर) घातलेल्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवला की मऊ भाग विरघळतो, कवच शाबूत राहतं आणि त्याच कवचाची स्लाइड होते. मग बारकोड आणि वर्णन दोन्ही एकाच प्राण्याचं.

प्रश्न: नाव देताना कोणते नियम पाळावे लागतात? प्रबंधात नाव छापलं तर चालेल का?
— संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: प्रबंधात किंवा समाजमाध्यमांवर नाव आधी टाकू नका. नाव नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातच प्रथम यावं. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतरच्या नावासाठी ‘नवी जात’ असा स्पष्ट उल्लेख, वेगळेपण दाखवणारं वर्णन आणि होलोटाइप (ज्या एका नमुन्याशी नाव जोडलं जातं तो) कुठे जमा केला किंवा करणार आहोत हे लागतं. डिंभ होलोटाइप म्हणून चालतो. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी आणि ती निबंधात दिसायला हवी. जातीच्या नावाचा शेवट जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतो. नागपूरवरून नाव द्यायचं असं समजा: लॅबिओबेटिस पुल्लिंगी म्हणून ‘नागपुरेन्सिस’, क्लोइऑन नपुंसकलिंगी म्हणून ‘नागपुरेन्से’.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुने सरकारने नेमलेल्या संग्रहालयाकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी ती जागा म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकाता. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या हद्दीतून एकही डिंभ उचलण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या आणि तिचा क्रमांक निबंधात द्या.

प्रश्न: दोनच शेपट्यांचा डिंभ मेफ्लाय असू शकतो का?
— शालेय शिक्षक, उमरेड

उत्तर: हो, काहींत मधली शेपटी नसते किंवा अगदी आखूड असते. पायाच्या टोकाशी भिंगातून पाहा. एक नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय हा दुसराच जलकीटक.