लकब, खोड की चाळा?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या ऑफिसातले साहेब दर दोन वाक्यांमागे 'काय आहे ना' म्हणतात. याला सवय म्हणायचं, लकब, खोड की चाळा?

सवय म्हटलं तर चूक नाही, पण या घरातला तो सगळ्यात सपक शब्द. ठाणे-वाशी लोकलमध्ये उतरायचं वाशीला आणि दारात जाऊन उभं राहायचं कोपरखैरण्यापासूनच, ही सवय. लावली की लागते, मोडली तर मोडते.

खोड म्हटलं की त्यात तक्रार आली. शेजारच्याच्या मोबाइलमध्ये डोकावायची ती खोड. म्हणून खोड मोडतात तशी जिरवतातही, आणि काही केल्या जमलं नाही की 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' म्हणून हात टेकतात. गंमत अशी, की स्वतःबद्दल सांगताना आपण 'मला सवयच आहे हो' म्हणतो. तेच दुसऱ्यानं केलं की त्याची खोड! (झाडाचं ते खोड, माणसाची ती खोड. लिंग सांभाळा.)

चाळा रिकाम्या हातांना लागतो. मीटिंगमध्ये पेनाचं बटण टकटक दाबत राहणं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं. लक्ष भलतीकडे, हात आपले चालूच. अनेकवचन मात्र जपून वापरा. चाळा निरुपद्रवी असतो, पण 'काय चाळे चाललेत?' असं कौतुकानं कुणी विचारत नाही.

लकब मला यात सर्वांत देखणी वाटते. शब्द मूळचा अरबी, तिकडे अर्थ किताब किंवा बिरुद. मराठीत ती माणसाची खास ढब झाली. बोलताना मान वेळावणं, शेवटचा शब्द ओढणं, हसण्याआधी चष्मा सावरणं. नकलाकार उचलतात त्या लकबीच. लकब सवयीसारखी कुणी लावून देत नाही आणि खोडीसारखी कुणी जिरवायलाही जात नाही.

आता तुमचे साहेब. 'काय आहे ना' हे त्यांचं पालुपद. गाण्यात कडव्यामागून पुन्हा पुन्हा येतं तेच. ते म्हणताना चष्म्यावरून बघत असतील तर ती लकब. सोबत पेपरवेट गरगर फिरवत असतील तर तो चाळा. खोड हा शब्द अप्रेझल हातात पडेपर्यंत वापरू नका.