नाताळात टाहो: आधी रस्ता ठरवा, मग डोंगर

"पुण्याहून आई-बाबा येताहेत, दोन लहान मुलं आहेत, २६ ते २९ डिसेंबर टाहोला जायचंय, गर्दी नको, सॅन होजेहून सात सीटची गाडी भाड्याने घेणार." तुमचं हे वाचलं आणि पोटात धस्स झालं. (टाहो म्हणजे कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचं तळं, भोवती स्कीचे डोंगर.) तीन वर्षांपूर्वी आमचा अगदी हाच बेत होता, फक्त आई-बाबांच्या जागी दीर-जाऊ होते.

कपडे, मुलांचे स्कीचे क्लास वगैरे तुम्ही बघालच. मी गाडीबद्दल लिहिते.

भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर आम्ही स्पष्ट विचारलं होतं, बर्फात जाणार आहोत, चेन (चाकं घसरू नयेत म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या) लागतील का? "ऑल व्हील ड्राइव्ह आहे, काही लागत नाही," असं उत्तर मिळालं. आम्ही सही केली. हायवे ८० वर बॅक्स्टरच्या आसपास चेन कंट्रोल (बर्फामुळे चेनची सक्ती आणि तपासणी) लागला होता, आर-२ पातळीचा. म्हणजे गाडी फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह हवी आणि चारही टायर बर्फाचे हवेत, तरच चेन न लावता सोडतात. तेव्हाही चेन गाडीत असाव्याच लागतात. दीड तास इंचाइंचाने सरकत पुढे पोचलो. पिवळ्या रेनकोटातला माणूस टॉर्च घेऊन चाकाशी वाकला, हातमोज्याने टायरवरचा चिखल पुसला. पुढच्या दोन्ही टायरवर 'एम प्लस एस' (चिखल-बर्फाच्या टायरची खूण) होतं. मागचे दोन बदललेले होते, साधे. चेन आमच्याकडे नव्हत्या. रस्त्याकडेला चेन चढवून देणारे असतात, पण त्यांना त्या विकायची परवानगी नसते. गाडी वळवली. खाली जाऊन विकत घेऊ म्हणून करार उघडला, तर बारीक अक्षरात लिहिलेलं: या गाडीला चेन लावायच्या नाहीत, लावल्यास नुकसान तुमचं.

टाहोजवळच्या ट्रकी गावातली खोली, त्या तारखेचीच डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची तिकिटं, मुलांचे क्लास मिळून सुमारे १६०० डॉलर गेले. मुलं मागच्या सीटवर स्कीची पँट घालून रडत होती. भाड्याच्या गाडीच्या ऑफिसला चार ईमेल केल्या, चारही वेळा एकच उत्तर: करारावर तुमची सही आहे. अहो, पण "काही लागत नाही" म्हणणारा माणूस तुमचाच ना? आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): २६ ते ३१ डिसेंबर हायवे ८० आणि ५० या टाहोच्या दोन्ही रस्त्यांवर जाऊच नका. ८० वर टाहोवाल्यांबरोबर रीनो शहराकडची वाहतूक आणि ट्रकही असतात. त्यापेक्षा हायवे १०८ वरचं डॉज रिज किंवा हायवे ४ वरची बेअर व्हॅली ही स्कीची ठिकाणं बघा. हिवाळ्यात पुढे सोनोरा पास आणि एबेट्स पास हे घाट बंद असतात, त्यामुळे पलीकडे जाणारी वाहतूकच नसते. आम्ही आता डॉज रिजलाच जातो. सॅन होजेहून ओकडेल, सोनोरा ही गावं करत साधारण तीन तास लागतात. टाहोएवढं मोठं नाही, पण शिकाऊ मुलांना पुरून उरतं. मात्र बर्फ उशिरा पडला तर नाताळापर्यंत सगळ्या लिफ्ट सुरू झालेल्या नसतात, तेव्हा आठवडाभर आधी खात्री करा आणि परत न मिळणारं बुकिंग करू नका. चेन कंट्रोल तिथेही लागतो.

टाहोच हवं असेल तर २४, २५ डिसेंबर किंवा १ जानेवारीची सकाळ. तिथल्या इनक्लाइन व्हिलेजचं डायमंड पीक हे स्कीचं ठिकाण त्यातल्या त्यात सुसह्य वाटतं मला. स्वस्त सीझन पासवर नेमके सुट्टीचेच दिवस वगळलेले असतात, तेही तपासा. मोठ्या ठिकाणी त्या आठवड्यात एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं.

स्की आणि बूट आदल्या दिवशी घराजवळच्या दुकानातून भाड्याने घ्या, सकाळची एक रांग वाचते. आई-बाबांना डॉज रिजच्या खालच्या पाइनक्रेस्ट तळ्याकाठी आणा, तिथे बसायला छान आहे. थर्मासमध्ये चहा आणि पोळीभाजीचे रोल न्या.

आणि शक्य असेल तर गाडी स्वतःचीच न्या, दोन छोट्या लागल्या तरी चालतील. चेन गाडीच्या टायरच्याच मापाच्या घ्या आणि घरासमोर एकदा चढवून बघा. भाड्याचीच घ्यायची असेल तर चेनला परवानगी असल्याचं लेखी घ्या आणि चारही टायर वाकून बघा. कोणते टायर आहेत कळत नसेल तर कडेचा फोटो इथे टाका, मी बघून सांगते.