म्हणणं त्यांचं, तू फक्त पोहोचवायचंस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. रुग्ण म्हणून काढलेले दिवस जमेस धरून तुला मनोरुग्णांच्या वॉर्डात रुग्णांचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं काम दिलंय, हे वाचून फार बरं वाटलं. तू नेमकं विचारलंयस: रुग्णाला जे हवंय ते त्याच्या हिताचं नाही, असं मलाच वाटलं तर काय करायचं?

तरीही त्याचंच म्हणणं मांडायचं. हिताचं काय ते ठरवणारी माणसं तिथे भरपूर असतात. डॉक्टर असतात, सिस्टर असतात, घरचे असतात, आणि बहुतेक जण ते मनापासून ठरवत असतात. रुग्णाला स्वतःला काय हवंय, हे त्याच्या शब्दांत सांगणारं मात्र बऱ्याचदा कुणीच नसतं. समज, एका बाईंना गोळ्या बंद करायच्या आहेत. तू एवढंच सांग, "त्यांना ही गोळी नको आहे. सकाळी उशी लाळेनं भिजलेली असते, दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत, भेटायला आलेल्या मुलीसमोर लाज वाटते." गोळी बंद करा, असं तू म्हणत नाहीयेस. पण कारण कळलं की बोलणं पुढे सरकतं. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, दुसरं औषध बघता येतं. नुसतं "औषध नाकारते" एवढंच फाइलीत गेलं, तर बोलणं तिथेच संपतं.

फाइलीतल्या अशा शब्दांकडे नीट लक्ष दे. "अस्वस्थ", "ऐकत नाही", "एका जागी बसत नाही". काही अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणाऱ्या औषधांनी अकॅथिसिया नावाचा त्रास होतो. आतून अशी तगमग होते की माणूस खुर्चीवर बसतो, लगेच उठतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो, रात्रीसुद्धा फेऱ्या घालतो. बघणाऱ्याला वाटतं, आजार वाढला. मग त्याच औषधाचा डोस वाढतो आणि तगमगही वाढते. निदान करणं तुझं काम नाही, ते कधीच करू नकोस. पण "हे कधीपासून होतंय? औषध सुरू झाल्यापासून की आधीपासून?" हे तू शांतपणे विचारू शकतेस, आणि मिळालेलं उत्तर डॉक्टरांपर्यंत नेऊ शकतेस. ज्यानं स्वतः ती तगमग सोसली आहे, त्याला हा प्रश्न सुचतो. मला तर तुझ्या कामातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

डॉक्टर रुग्णांना तपासायला येतात त्या राउंडची तयारी आदल्या दिवशीच कर. रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. समोर पाच-सहा जण, सगळ्यांची नजर त्याच्यावर, औषधानं जीभ जड झालेली. अशा वेळी भलेभले गप्प होतात. म्हणून आधी त्याच्याजवळ बसून दोन-तीन मुद्दे कागदावर उतरव, शक्यतो त्याच्याच हातानं. राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या रांगेत बसू नकोस, त्याच्या शेजारी बस. तो बोलायला लागला की तू थांब, अडखळला तरी थांब. कागद पुढे सरकवायचा, वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही.

स्वतःची गोष्ट जपून सांग. "मीही दाखल होते" एवढ्यानं कुणाचा जीव हलका होतो, आणि बरेचदा तेवढंच पुरतं. त्यापुढे बोलणं तुझ्यावर आलं, तर समोरच्याला तुलाच धीर द्यावा लागतो. तू ज्या वाटेनं बरी झालीस ती त्याची वाट असेलच असं नाही, हे तर तुला ठाऊकच आहे.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट कर. नंतर कळलं तर फसवणूक वाटते.

"कालपर्यंत ही स्वतःच इथे पेशंट होती," असं कुणी तुझ्यामागे म्हणेल. म्हणू दे. हे काम अशाच लोकांनी उभं केलंय. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बातिस्त प्यूसँ गंडमाळेवर उपचार घ्यायला आला आणि पुढे तिथल्या मनोरुग्ण विभागाचा प्रमुख झाला. बऱ्या झालेल्या रुग्णांना तो आवर्जून कामावर घेई. १७९७ मध्ये तिथल्या रुग्णांच्या साखळ्या निघाल्या त्या त्याच्यामुळे, पण नाव मात्र बराच काळ त्याच्याबरोबर काम केलेल्या डॉक्टर पिनेल यांचंच झालं. इंग्लंडच्या एका खून झालेल्या पंतप्रधानांचा मुलगा जॉन पर्सिव्हल मनोरुग्णालयातून सुटून आला आणि १८४५ मध्ये आपल्यासारख्याच काही जणांबरोबर त्यानं आत डांबलेल्यांसाठी संघटना काढली. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं बारावं कलमही हेच धरून आहे. माणसाचा निर्णयाचा हक्क काढून घ्यायचा नाही, निर्णय घ्यायला त्याला आधार द्यायचा.

कुणाला बांधून ठेवलं किंवा एकट्याला कोंडलं, तर ते सुटल्यावर लवकरात लवकर जाऊन भेट. काय झालं ते त्याच्या तोंडून ऐक, तारीख-वेळ लिहून ठेव, आणि तक्रार करायची असेल तर कुठे करायची ते सांग. करायची की नाही, ते त्यानं ठरवायचं.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते, ती डिस्चार्जनंतरची. घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं फार धोक्याचे असतात, आणि नेमकी तेव्हाच सगळी माणसं निर्धास्त होतात. म्हणून जायच्या आधीच त्याच्याशी बोलून ठरव: पहिला फोन कोण करणार, कोणत्या दिवशी, गोळ्या किती दिवसांच्या दिल्यात, रात्री बिघडलं तर कुणाला उठवायचं. हे सगळं त्याच्या खिशात मावेल एवढ्या कागदावर लिहून दे. तुमच्याकडे अशी पद्धत नसेल, तर पहिल्याच महिन्यात सिस्टरांशी बोलून ती सुरू कर.

तुझी,
ताई