मुलाच्या कागदावर आपला हात नको

नव्या शाळेत चित्रकला शिकवायला रुजू झालीस, छान झालं. पहिलं सांगते ते हे, की मुलाचं चित्र तू दुरुस्त करू नकोस. माझ्याकडून हे झालंय. सहावीतल्या एका मुलाची म्हैस बिघडली म्हणून मीच पेन्सिल घेऊन तिचे पाय सरळ केले. त्याने वही उचलली आणि पुढचे दोन महिने तो फक्त दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी काढत राहिला. त्यात चूक निघत नाही ना! दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखव.

‘छान’ म्हणून पुढे सरकू नकोस. ‘हिचं एक शिंग मोडलेलं का?’ असं विचार, मूल आपसूक बोलायला लागतं. कुणी सगळा कागद काळा केला तरी लगेच मनाचे अर्थ लावू नकोस. कधीकधी डब्यात तेवढाच खडू उरलेला असतो. पण तेच तेच दिसत राहिलं, मूल गप्प गप्प वाटलं, तर वर्गशिक्षिकेच्या कानावर घाल.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करून घ्यावीच लागेल. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी पालक मागे लागतातच. मात्र आठवड्यातला एक तास त्यातून वाचव. त्या तासाला खोडरबर टेबलावर जमा, मार्क नाहीत आणि भिंतीवर लावायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि हो, पाण्याचे डबे अर्धेच भर. सांडतातच.