ओपन वर्ल्ड गेममध्ये रानावनात पायी भटकण्यात एवढी काय मजा आहे?

तुम्ही विचारलंय की ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोठ्या नकाशावर हवं तिकडे फिरता येतं अशा व्हिडिओ गेममध्ये, घोडा असतो, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी मारून पोहोचणं) असतं, तरी काही जण तासन्‌तास डोंगरदऱ्यांतून पायी का फिरतात. मी कित्येक वर्षं असाच खेळतोय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

नकाशावरचा ठिपका दाबून पोहोचलात, तर मधला मुलूख लोडिंग स्क्रीनमध्ये निघून जातो. घोड्यावरून नजर रस्त्यावर राहते. पायी निघालात की मात्र पायाखालची जमीन दिसायला लागते. हा उतार उतरता येईल का, ओढा कुठे उथळ आहे, खिंडीतून जावं की धारेवरून, हे दर थोड्या वेळाने स्वतः ठरवावं लागतं. मला मजा येते ती या ठरवण्यात.

हे सगळ्यात चांगलं कळलं ते २०१९ च्या 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये. त्यात तुम्ही पाठीवर सामान लादून ते पोहोचवता, आणि चालणं हाच मुख्य खेळ. ओझं जास्त झालं की सॅम, म्हणजे आपण खेळतो तो नायक, एका बाजूला झुकतो, तेव्हा कंट्रोलरची दोन्ही ट्रिगर बटणं धरून त्याला सावरायचं. उतारावर वेग वाढला की तोल जातो. नदीवर स्कॅनर मारला की पाण्याची खोली रंगांत दिसते; लाल दिसलं तर तिथून जाऊ नये. मी एकदा हट्टाने गेलो आणि माझं सगळं सामान प्रवाहातून वाहत चाललेलं बघत राहिलो. तेव्हापासून मी नदी दिसली की आधी काठाकाठाने बरंच वर चालत जातो. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, एकाच वाटेवरून अनेक खेळाडू चालले की तिथे हळूहळू पायवाट उमटते. त्या ओसाड मुलखात कुणा अनोळखी माणसांच्या पायांनी मळलेली वाट सापडते, तेव्हा खरंच धीर येतो.

बर्फाळ रानात जीव वाचवत राहायच्या 'द लाँग डार्क' या गेममध्ये तर तुम्ही कुठे आहात हे नकाशा सांगतच नाही. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन आजूबाजूचा भाग आपणच काढायचा. एकदा हिमवादळात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं आणि एका आडव्या पडलेल्या झाडामुळे मला झोपडीची दिशा कळली. सकाळी जाताना ते झाड ओलांडलं होतं, म्हणून लक्षात होतं.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या डेव्हलपरांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की त्यांनी जमीन त्रिकोणांच्या हिशेबाने रचली. समोरचा डोंगर पलीकडचं झाकतो; वर चढायचं की वळसा घालायचा ते तुम्ही ठरवता, आणि जाल तसं मागचं थोडं थोडं उघडत जातं. म्हणून त्यात दहा मिनिटांचं काम करायला निघून दोन तास भलतीकडेच जातात. चढताना पाऊस आला तर हात सुटतो, मग कड्याखाली थांबून पाऊस ओसरायची वाट बघायची. अनेकांना याचा राग येतो. मला तेच थांबणं आठवतं.

पण प्रत्येक मोठ्या नकाशाच्या गेममध्ये हे होत नाही. काहींत दोन ठिकाणांमधली जमीन नुसती भरतीची असते, सारखीच झाडं आणि सारखेच दगड. तिथे खुशाल फास्ट ट्रॅव्हल वापरा.

करून बघायचं असेल तर 'स्कायरिम'पासून सुरुवात करा. त्यात आयव्हरस्टेड गावातून हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठाला जाणारी 'सात हजार पायऱ्या' नावाची वाट आहे. पहिल्यांदा तिथे पोहोचायला फास्ट ट्रॅव्हल चालतच नाही. वाटेतले कोरीव शिलालेख थांबून वाचा, बर्फातल्या ट्रोल या राक्षसी प्राण्यापासून जपा, आणि शक्यतो संध्याकाळच्या सुमाराला निघा.